मासे धरावयास जाताना
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात दिलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या नावापुढे ‘सहलीतील आरोग्य’ असा विषय छापला आहे. विषय मोठा सोयीचा आहे. हात धुवावेत, उघड्यावरचे खाऊ नये, टोपी घालावी, एवढे सांगून दहा मिनिटांत खाली बसता आले असते. पण आपल्या ट्रस्टची सहल म्हणजे कोणती सहल हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि गेली काही वर्षे ती का निघाली नाही हेही ठाऊक आहे. तेव्हा छापलेला विषय बाजूस ठेवून आम्ही मासे धरावयास जाण्याच्या सहलीविषयीच बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे, शाळामास्तर आहोत. म्हणून औषधोपचाराचे जे काही येथे सांगू, ते आधी एका सरकारी डॉक्टरांना वाचून दाखविले आहे.

पोळा झाला की आपल्या भागातील पोरांचे हात गरीकडे वळतात. ही हौस आजची नव्हे. पांढुर्ण्याच्या जाम नदीचे नाव बाहेरगावी निघते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यात होणाऱ्या गोटमारीमुळे. पण ज्यांचे बालपण ह्या काठावर गेले त्यांना जाम आठवते ती गांडुळांचा डबा आणि बांबूची काठी यांसह. सौंसरकडच्या मंडळींना कन्हान जवळची. मुलताईला उगम पावून खाली वरुडकडे जाणारी वर्धाही आपल्याला परकी नाही. पुढे पुढे गावोगावचे तलाव व धरणे झाली; रोहू, कतला, मृगल यांचे बीज पडू लागले, आणि एका दिवसाची गरी दोन दिवसांच्या मुक्कामावर गेली. आपल्या ट्रस्टने पोरांना एकत्र आणावयास ही सहल सुरू केली, तेव्हा तीत कोणाच्या घरचा कोण हे कोणी विचारीत नसे. एका चुलीवर भात, दुसरीवर रस्सा, आणि मासा कोणाच्या गळाला लागला यावरून भांडण.

२०१९ सालच्या सप्टेंबरातील सहलीबद्दल आता सांगावयाचे आहे. ज्या घरातला मुलगा त्या दिवशी गेला, त्या घरी आम्ही आधी जाऊन आलो. वडील म्हणाले, “गुरुजी, सांगा. नाव घेऊ नका, पण सांगा.” म्हणून सांगतो.

कन्हानच्या एका डोहावर आपले सव्वीस जण होते. दोन शिक्षक, त्यांत एक आम्ही. पाऊस उघडून चार दिवस झाले होते, पाणी गढूळ पण संथ दिसत होते. दुपारी अकराच्या सुमारास नववीतल्या एका मुलाचा गळ पाण्यातल्या खडकाला अडकला. दोन रुपयांचा गळ. तो सोडवावयास तो गुडघाभर पाण्यात उतरला, शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरला, आणि दुसऱ्या पावलाला त्याला बूडच लागले नाही. त्याच्या हाका ऐकून बावीस वर्षांचा आपला स्वयंसेवक कपड्यांनिशी उडी घालून गेला. त्याला पोहता येत होते. बुडणाऱ्याने त्याच्या गळ्याला मिठी घातली. आम्ही काठावर उभे होतो. आम्हांला पोहता येत नव्हते. आमच्या हातात ट्रस्टची प्रथमोपचाराची पेटी होती. तीत आयोडीन होते, पट्ट्या होत्या, कापूस होता, तापाच्या गोळ्या होत्या. दोर नव्हता.

पलीकडच्या काठावर जाळे सुकवीत बसलेला एक वृद्ध ढिवर लांब बांबू घेऊन धावत आला. त्याने बांबू पुढे केला, लहान मुलाच्या हाती तो लागला, मुलगा वाचला. मोठा त्या आधीच खाली गेला होता. म्हातारा आम्हांला एवढेच म्हणाला, “गुरुजी, वाळू उपसली तवापासून तिथं बूड लागत नाही. एक डाव इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

आम्ही विचारले नव्हते. आम्ही सकाळी आठला पोहोचलो, जागा चांगली दिसली, सावली होती, तेथे सतरंजी टाकली. बस्स.

त्यानंतर सहल बंद झाली, आणि त्या वेळी ती बंद करणे योग्यच होते. परंतु सहल बंद झाल्याने पोरे नदीवर जावयाची थांबली नाहीत. ती आता चोरून जातात, चार-चारच्या टोळीने, मोबाइल आणि दुचाकी घेऊन, घरी न सांगता. २०२१ च्या सप्टेंबरात काही दिवसांच्या अंतराने दोन बातम्या आपण वाचल्या. महिन्याच्या आरंभी यवतमाळ जिल्ह्यातून दर्ग्याच्या जियारतीला आलेले पाच तरुण कन्हान नदीत आंघोळीला उतरले व बुडाले. १४ तारखेला वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून एकाच गोतावळ्यातील अकरा माणसे गेली. दशक्रियेच्या निमित्ताने ती मंडळी जमली होती. त्या आधी २०१७ च्या जुलैत नागपूरजवळच्या वेणा जलाशयात रविवारच्या सहलीला गेलेल्या तरुणांची नाव उलटली. नावेतून मोबाइलवर चित्रण चालू होते. जियारत, दशक्रिया, रविवारची सुटी. प्रसंग निराळे, पण काठावर उभे राहून आम्ही जे पाहिले तेच तिन्ही ठिकाणी कोणीतरी पाहिले असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ ह्या एका वर्षात जगभर सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली.

आता पाण्याविषयी जे आम्ही त्या दिवसानंतर शिकलो ते सांगतो, आणि ह्याला वेळ अधिक लागला तर अध्यक्षांनी घंटा वाजवू नये.

नदीचा तळ दरवर्षी तोच नसतो. पूर वाळू हलवितो आणि माणूस ती उपसतो. वाळूच्या खाणीचा खड्डा सरळ उभ्या भिंतीसारखा असतो. गुडघ्यानंतर कंबर, कंबरेनंतर छाती असा क्रम त्यात नसतो. गढूळ पाण्यात तो दिसत नाही. म्हणून जागा ठरविण्यापूर्वी त्या काठच्या ढिवर, भोई किंवा मांझी माणसाला विचारावयाचे, आणि शक्य तर त्याला दिवसाची मजुरी देऊन बरोबर ठेवावयाचे. आपल्या जेवणाच्या खर्चापेक्षा ती कमी असेल.

येथे ऊन पडले म्हणजे वर पाऊस नाही असे होत नाही. सातपुड्यात रात्री सर आली तर पाणी खाली यावयास काही तास लागतात, आणि ते येते तेव्हा एकदम येते. पाण्याचा रंग पालटला, काडीकचरा व पाने वाहून येऊ लागली, लांबून घरघर ऐकू आली, तर गरी, भांडी, चप्पल तेथेच टाकून वर चढावे. धरणाच्या खालच्या अंगाला तर मुक्काम करूच नये. दरवाजे उघडण्याआधी भोंगा होतो, पण झोपेतल्या माणसाला तो ऐकू येईलच असे नाही. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर मोटार असो की बैलगाडी, पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे.

बुडणाऱ्याला वाचवावयाचे तर आधी काठावरून. हाक मारा, बांबू पुढे करा, दोर फेका, धोतर किंवा ओढण्या गाठ मारून फेका. पाच लिटरच्या तेलाचा रिकामा डबा, बूच घट्ट लावलेला, दोराच्या टोकाला बांधला तर तो बुडणाऱ्याला तरंगता आधार होतो व फेकावयासही सोपा जातो. दूर जावा म्हणून त्यात ओंजळभर पाणी ठेवावे. ट्रकची फुगविलेली ट्यूब उत्तम. ह्यांपैकी काहीही विकत घ्यावयास देणगी लागत नाही. उडी घालण्याची पाळी शेवटची, आणि तीही ज्याला बुडत्याला धरण्याचे शिक्षण आहे त्याचीच. आमचा स्वयंसेवक शूर होता. त्याला कोणी हे शिकविले नव्हते. शिकविणे आमचे काम होते.

वर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, डोक्यावर घेऊन फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे, हे सर्व आपण गावात पाहिले आहे. ह्याने वेळ जातो आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाते. तो श्वास घेत नसेल तर पाठीवर निजवावे, हनुवटी वर उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन वेळा श्वास भरावा. मग छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने व भराभर तीस वेळा दाबावे. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाबांचा वेग हवा, छाती दोन इंच खाली गेली पाहिजे. मदत येईपर्यंत किंवा तो श्वास घेऊ लागेपर्यंत थांबावयाचे नाही. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा आणि नुसते ‘नदीवर’ न सांगता गाव, तालुका, जिल्हा सांगावा. २०२३ पासून पांढुर्णा जिल्हा निराळा झाला असून सौंसर त्यात आहे. अनेकांच्या तोंडी अजून छिंदवाडाच येते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. आणि बुडता बुडता वाचलेला माणूस ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी त्याला दवाखान्यात न्यावे; फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देते.

रात्रीचा मुक्काम असेल तर भीती जनावराची. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप महत्त्वाचे. ह्यांत मण्यारीचे विशेष असे की ती रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणाशी येते, आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठतो, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, मग श्वास. घरचे म्हणतात रात्रीचा मासा बाधला. म्हणून नदीकाठी सतरंजीवर निजू नये. बाज न्यावी, मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. त्याने मण्यार आणि मलेरिया दोन्ही बाहेर राहतात. लाकडे उचलताना, दगड उलथून गांडुळे काढताना हात घालण्यापूर्वी काठीने हलवावे. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये.

दंश झालाच तर तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, अंगठी व कडे काढावे, माणसाला चालवू नये, आणि थेट अशा दवाखान्यात न्यावे जेथे सर्पविषावरील लस आहे. ती आहे की नाही हे सहलीपूर्वीच फोन करून विचारून ठेवावयाचे. दोरी आवळून बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने चोखणे, कोंबडी लावणे यांपैकी काही नको. मांत्रिकाबद्दल आम्ही येथे वाद घालीत नाही. ज्याला त्याच्याकडे जावयाचे असेल त्याने लस टोचून झाल्यावर जावे. आपल्या देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे मरतात असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेक खेड्यांतील असतात.

विंचवाचे सांगताना एका मराठी डॉक्टरांचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडकडे काम करीत असताना लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर काय परिणाम होतो ते रुग्णाच्या उशाशी बसून टिपले, आणि प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या साध्या गोळीने माणसे वाचू लागली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांनो, हे काम मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात झालेले नाही. विंचू चावून घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर ‘उतरेल’ म्हणून वाट पाहू नये.

उन्हापावसाचे थोडक्यात. आपले ऊन नागपुरापेक्षा सौम्य आहे असा अभिमान कोणी बाळगू नये. पाण्याजवळ बसले की तहान कमी लागते, पण घाम तितकाच जातो. हगवण लागली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच क्षारजलाने कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचविले. नदीचे पाणी कितीही निवळ दिसले तरी उकळूनच प्यावे. वीज कडाडू लागली की काठी खाली ठेवून पाण्यापासून व एकाकी झाडापासून दूर व्हावे. संत्र्याच्या बागेतले झाडही झाडच. आणि पायाला जखम असताना गुराढोरांच्या डबक्यात उभे राहू नये, कारण उंदरांच्या व गुरांच्या मूत्रातून येणारा लेप्टो हा ताप त्या जखमेतून शिरतो. सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘नदीत उतरलो होतो’ हे सांगावे. न विचारता सांगावे.

आता स्वतः मासा. सिंगीच्या कल्ल्याजवळच्या काट्याला विष असते; काटा लागला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास तरी बुडवून ठेवावा, कळ उतरते. गळ बोटात रुतला तर उलट ओढू नये, त्याचा उलटा दात मांस फाडतो. दोरा कापून तसाच दवाखान्यात जावे, धनुर्वाताची सुई घ्यावी. पण ह्याहून मोठी गोष्ट आहे ती भगिनींनी विशेष ऐकावी, कारण मासा साफ त्याच करतात. रोहू-कतल्याचे पित्त कच्चे गिळले की साखरेचा आजार जातो, नजर सुधारते, सांधे मोकळे होतात, असा समज आपल्या भागातही आहे. त्या पित्तातील द्रव्याने मूत्रपिंडे निकामी होतात. आधी उलट्या व जुलाब, मग दोन-चार दिवसांत लघवी बंद; रक्त यंत्राने शुद्ध करण्याची वेळ येते. शिजविल्यानेही ते विष जात नाही. आमच्या घरी आमच्या दादी पित्ताची पिशवी काढून राखेत पुरीत. विचारले तर म्हणत, कडू लागतो म्हणून. कारण त्यांना ठाऊक नसेल, कृती बरोबर होती.

विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणे आणि दारूगोळा फोडून मासे मारणे ह्या दोन्हींना आम्ही मासेमारी म्हणत नाही. दारूगोळ्याला तर १८९७ च्या मत्स्यकायद्यापासून बंदी आहे. करंटने मासा आणि माणूस यांत फरक केल्याचे ऐकिवात नाही. मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा प्रजननाचा काळ म्हणून नद्या-जलाशयांत मासे धरणे बंद असते. तो नियम आपण पाळावयाचा. पेंचच्या व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत जाण्याचा मोह नको. तलाव सहकारी सोसायटीच्या ठेक्यात असेल तर आधी परवानगी. तेथला मासा कोणाची तरी मजुरी असतो.

आपल्यांपैकी काही कुटुंबे आताशा गोव्याला, मालवणला जातात आणि होडीवाल्याबरोबर गरी टाकतात. समुद्राचा आमचा अनुभव तुटपुंजा. एवढेच सांगतो की लाल निशाण असता उतरू नये. ओढ लागली तर काठाकडे सरळ झुंजू नये, काठाला समांतर पोहून ओढीबाहेर पडावे. उथळ पाण्यात पाय घासत चालावे म्हणजे वाळूत दडलेला पाकट बाजूस होतो. आणि जाकीट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये, होडीवाला हसला तरी.

विश्वस्तांपुढे आम्ही जे लेखी ठेवले ते आता सभेपुढे ठेवतो. सहल पुन्हा सुरू करावी. पण भाद्रपदात नव्हे. डिसेंबरात, पाणी उतरून निवळल्यावर. पंधरा मुलांहून अधिक नकोत, पाच मुलांमागे एक मोठा माणूस, आणि त्या मोठ्याच्या हाती गरी असणार नाही. काठावर चुन्याची रेघ. तिच्यापुढे कोणी जावयाचे नाही, गळ अडकला तर दोरा कापावयाचा. मुक्काम पहिल्या वर्षी नको. काठचा एक माणूस मजुरीवर. ज्यांना दारू घेऊन यावयाचे आहे त्यांनी आपल्या स्वतंत्र सहलीला जावे. काही सभासदांचे म्हणणे आहे की इतकी बंधने घालून मजा काय राहिली. त्यांच्याशी आम्ही वाद केला नाही. त्या घरी चहा घेऊन यावे एवढे सुचविले.

त्या घरचा धाकटा मुलगा ह्या वर्षी अकरावीत आहे. यादीत पहिले नाव त्याच्या आईने स्वतः येऊन लिहविले. आम्ही म्हटले, “भाभी, विचार करा.” त्या म्हणाल्या, “चोरून जाईल त्यापेक्षा तुमच्याबरोबर जाऊ द्या. तुम्हांला आता पोहता येते ना?”

येते. बेचाळिसाव्या वर्षी शिकलो. पोरे हसत होती, आम्ही गटांगळ्या खात होतो. रविवारी सकाळी सात वाजता मुलांसाठी व मोठ्यांसाठी पोहण्याचा वर्ग सुरू होईल. छातीदाबाचे प्रात्यक्षिक आज जेवणानंतर ह्याच मंडपात सरकारी डॉक्टर करून दाखवतील. स्त्रियांसाठी वेगळे, त्यांच्या परिचारिकाताई दाखवतील. दोर आणला आहे, वीस-वीस मीटरचे दोन, आणि सहा डबे. ते ट्रस्टच्या कार्यालयात दाराशीच खुंटीला टांगलेले आहेत, कपाटात नाहीत, कुलपात नाहीत. कोणीही नदीवर जाताना न विचारता न्यावेत. आल्यावर वाळवून परत टांगावेत.